बंदीचा कागद दाखवा

प्रति,
मा. सचिव,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
इलेक्ट्रॉनिक्स निकेतन, लोधी रोड, नवी दिल्ली

विषय : गेम, ॲप आणि वेबसाइट बंद करण्याचे आदेश कारणांसह जाहीर करण्याबाबत

महोदय,

मी सांगली-मिरज भागात मोबाइल गेमच्या छोट्या-मोठ्या स्पर्धा भरवतो. रूम आयडी आणि पासवर्ड वाटायचा, पॉइंट टेबल लावायचं, मॅच हरलेल्या स्क्वॉडचं 'सर, लॅग येत होता' ऐकून घ्यायचं, हे माझं काम. गेमवाल्याचं पत्र म्हटल्यावर बंदी उठवा म्हणून गळा काढलेला असणार, असा कुणाचाही समज होईल. म्हणून आधीच सांगतो, या पत्रात तशी मागणी नाही. एखादा गेम बंद करायचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेला आहे आणि कधी कधी तो वापरावाही लागत असेल. माझं मागणं फक्त कागदाचं आहे. जे बंद केलं त्याचा आदेश, कारणासकट, आम्हाला वाचायला मिळाला पाहिजे.

२८ जुलै २०२२ ची संध्याकाळ आपल्या मंत्रालयातही कुणाला तरी आठवत असेल. त्या गुरुवारी गुगल प्ले आणि ॲपल या दोन्ही स्टोअरवरून बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा पबजीचा भारतासाठीचा अवतार, दिसेनासा झाला. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा मात्र सुरळीत चालू होता. सर्व्हर चालू, मॅच लागत होत्या, लोक एरंगेलवर, म्हणजे गेममधल्या बेटावर, उड्या मारत होते. नवा फोन घेतलेल्याला किंवा चुकून गेम डिलीट केलेल्यालाच कळायचं की काहीतरी झालंय. वर्षभरात १० कोटी नोंदणीकृत वापरकर्ते झाल्याचं कंपनीने त्याच महिन्यात सांगितलं होतं. आणि त्याच जून-जुलैमध्ये या गेमची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर लागली होती, ज्या वाहिन्यांवर आमच्याकडची म्हातारी माणसं कबड्डी बघतात त्यांवर. आधी टीव्हीवर फायनल आणि पुढच्या पंधरवड्यात गेमच गायब.

आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालचा आहे, एवढं माहिती अधिकारातून आणि बातम्यांतून बाहेर आलं. पण त्या कलमाखाली नेमकं कोणतं कारण? या प्रश्नावर ज्याने त्याने आपापलं उत्तर तयार केलं. शिक्षक म्हणाले, पोरं वाया चालली होती, बरं झालं. वृत्तवाहिन्यांनी चीन, चीन केलं. आमच्या ग्रुपवर कुणीतरी ठामपणे लिहिलं की कंपनीने टॅक्स भरला नव्हता. मंत्रालय गप्प राहिलं की असं होतं. एकच बंदी प्रत्येकाच्या मनातल्या रागाला पुरी पडते आणि ती कशासाठी होती याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही.

मग मे २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी ट्वीट केलं की सर्व्हर कुठे आहेत आणि डेटाची सुरक्षितता इत्यादी मुद्द्यांवर कंपनीने पूर्तता केल्यामुळे बीजीएमआयला तीन महिन्यांची चाचणी परवानगी दिली आहे, आणि व्यसन, वापरकर्त्यांचं नुकसान यांवर नजर ठेवून मग अंतिम निर्णय होईल. म्हणजे जवळपास दहा महिन्यांनी, एका ट्वीटमधून, आम्हाला अडचणींची नावं कळली, आणि त्यातही एक 'इत्यादी' होतंच. गेम परत आला तो १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा घेऊन. गोळी लागल्यावर लाल रक्ताऐवजी हिरवे शिंतोडे तर पहिल्यापासूनच होते. या अटी मला वाईट वाटत नाहीत, तीन तास पुष्कळ झाले. पण सर्व्हरचा प्रश्न होता तर जुलैमध्येच तसं म्हणता आलं असतं. मुलांच्या आईवडिलांना तरी कळलं असतं की त्यांच्या मुलाचा फोटो, फोन नंबर, ठिकाण कुठे जात असण्याची शंका सरकारला आहे. ज्याच्या डेटाच्या काळजीपोटी बंदी घातली, त्यालाच काळजीचं कारण कळलं नाही.

आणि बंदीच्या काळात त्या मुलांनी काय केलं, तेही सांगतो. २०२० मध्ये पबजी मोबाइल गेला तेव्हा अनेकांनी कोरियन आवृत्ती उतरवली. बीजीएमआय गेल्यावर टेलिग्रामवर एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकायच्या फाइली, फिरायला लागल्या. नववी-दहावीतला मुलगा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अनोळखी स्रोतांना परवानगी' चालू करतो. फाइल कुणी बनवली, मधे काय घातलं, त्याला पत्ता नसतो. उघडल्यावर फोन विचारतो : कॉन्टॅक्ट बघू देऊ? मेसेज वाचू देऊ? तो हो, हो, हो करत जातो, कारण खाली स्क्वॉड थांबलेला असतो. फोन बहुतेक वेळा वडिलांचा असतो आणि बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात. डेटाच्या सुरक्षेसाठी घातलेल्या बंदीने घराघरात हे शिकवलं. 'हा गेम अमुक कारणाने धोक्याचा आहे, बाहेरून उतरवू नका' असं एक पान मंत्रालयाने काढलं असतं, तर मी स्वतः ते छापून प्रत्येक स्पर्धेत चिकटवलं असतं.

आता फ्री फायर, पबजीसारखाच दुसरा गेम. १४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ ॲप बंद केल्याची बातमी आली, त्यात हा होता. गेम एक-दोन दिवस आधीच स्टोअरवरून नाहीसा झाला होता. त्याची कंपनी गरेना, ही सिंगापूरच्या सी समूहाची. पण त्याच कंपनीचा फ्री फायर मॅक्स प्ले स्टोअरवर तसाच राहिला. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : मॅक्स म्हणजे तोच गेम, चित्रं जास्त चकचकीत. जुना आयडी टाकला की आपली लेव्हल, आपले स्किन, आपले मित्र सगळं तिथे हजर. दोन्ही आवृत्त्यांचे खेळाडू एकाच मॅचमध्ये उतरतात, अशीच त्याची रचना आहे. म्हणजे बंदीच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या फोनमध्ये जुना गेम उघडेना, तो मॅक्स उतरवून त्याच मित्रांबरोबर त्याच आयडीने खेळत होता. देशाच्या सुरक्षेला धोका होता तर तो एका चिन्हात होता आणि शेजारच्या चिन्हात नव्हता, हे कसं? कदाचित याला चोख तांत्रिक उत्तर असेल. पण ते आदेशात लिहिलेलं असेल तर आदेश कुठे आहे?

२ सप्टेंबर २०२० च्या पत्रकाबद्दल असं म्हणता येणार नाही की त्यात कारण नव्हतं. होतं. ११८ ॲपना मिळून एक परिच्छेद होता : देशाचं सार्वभौमत्व, अखंडता, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था आणि वापरकर्त्यांचा डेटा चोरून देशाबाहेरच्या सर्व्हरला पाठवणं. जूनमध्ये टिकटॉकसह ५९ ॲप बंद करताना जवळपास हीच भाषा होती. ११८ च्या यादीत पबजी होता, फोटो सजवायची ॲप होती, आणि लुडो, कॅरमचेही गेम होते. गलवानला चीनशी चकमक झाली त्या उन्हाळ्यात सरकारला घाई असणं मी समजू शकतो. पण कॅरमच्या गेमने नेमकं काय केलं ते दोन ओळींत सांगायला पुढची वर्षं मोकळीच होती.

कलम ६९-अ मी वाचलं आहे. त्यात सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी जोडलेल्या गुन्ह्याला चिथावणी, एवढीच कारणं आहेत. मुलं अभ्यास करत नाहीत, हे कारण त्यात नाही. हिंसा किंवा अश्लीलताही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ वेबसाइट बंद झाल्या तेव्हा म्हणूनच सरकारला दुसऱ्या कलमाचा आधार घ्यावा लागला होता, आणि चार-पाच दिवसांत माघारही घ्यावी लागली. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी तर जमावबंदीच्या १४४ कलमाखाली पबजीवर बंदी घातली आणि फोनवर खेळणाऱ्या दहा जणांना अटक केली, त्यात बहुतेक कॉलेजची मुलं. ती अटक हास्यास्पद होती. पण एका बाबतीत राजकोटचे पोलीस आपल्यापेक्षा बरे, त्यांची अधिसूचना निदान वाचता येत होती. कोणी काढली, कोणत्या कलमाखाली, किती तारखेपर्यंत, सगळं त्यात होतं. म्हणून तर देशभर तिच्यावर टीका करता आली.

महानगरपालिका एखाद्या दुकानाला सील ठोकते तेव्हा शटरवर नोटीस डकवते. कलम, तारीख, अधिकाऱ्याची सही, शिक्का. दुकानदार ती घेऊन वकिलाकडे जातो आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं की परवाना नव्हता की भेसळ होती. इंटरनेटवर सील ठोकल्यावर आम्हाला काय दिसतं? नशीब चांगलं असेल तर पांढऱ्या पानावर एक इंग्रजी वाक्य : आपण मागितलेला पत्ता दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार बंद करण्यात आला आहे, अधिक माहितीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण, हे मी आमच्या केबलवाल्याला विचारून बघितलं. तो म्हणाला, राउटर बंद करून चालू करा. आणि आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, असल्याने ते पानही दिसत नाही, नुसतं कनेक्शन तुटल्याचं दिसतं. एका कंपनीच्या सिमवर साइट बंद आणि दुसऱ्या कंपनीच्या वायफायवर चालू, हेही सर्रास होतं, कारण कुणी डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधतानाच, अडवतो तर कुणी जोडणीच्या वेळी साइटचं नाव बघून. बंदी आहे की बिघाड, हे ग्राहकाने कशावरून ओळखायचं?

गुप्त याद्यांमध्ये चुका राहतातच. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ पत्ते बंद झाले, आयसिसचा मजकूर सापडला म्हणून, मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून. त्यात गिटहब होतं, इंटरनेट आर्काइव्ह होतं, व्हिमिओ होतं. गिटहब म्हणजे प्रोग्रॅमचा कोड ठेवायची जागा, पुण्या-बंगळुरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांची रोजची भाकरी. एखादं पान काढायला सांगायचं सोडून अख्खी साइट अडवली आणि मग एकेक करून सोडावी लागली. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची साइट बंद पडली. नारंगी शंकूवालं ते साधं प्लेअर, ज्यावर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची सीडी लागलेली आहे. पॅरिसच्या ज्या विनानफा संस्थेचं ते आहे तिला कुणी नोटीस दिली नव्हती. वकिलाकरवी कागद मागितले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. आणि हुंड्याची टिंगल करणारी ती 'डाउरी कॅल्क्युलेटर' साइट : मुलाचा पगार, जात, शिक्षण टाका आणि हुंड्याचा आकडा मिळवा, असा उपहास. ती २०१८ मध्ये बंद झाली. साइटचा मालक कोण हे जगजाहीर असताना त्याला आदेशाची प्रत मिळाली ती मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितल्यावर. उपहास कळला नाही इतपत चूक एखाद्या अधिकाऱ्याकडून होऊ शकते. ती एका फोनवर निस्तरली असती. गुप्ततेमुळे वर्षं गेली.

या सगळ्याचं मूळ कलम ६९-अ खालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ आहे. तक्रारी, विनंत्या आणि त्यांवरची कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळावी, असं तो म्हणतो, आणि माहिती अधिकाराच्या अर्जांना तोच नियम पुढे केला जातो. संसदेत आपल्या मंत्रालयानेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१४ मध्ये ४७१ पत्ते बंद केले होते, २०२० मध्ये ९,८४९. चारशे-पाचशे पत्त्यांचे आदेश फडताळात ठेवणं आणि दहा हजार पत्त्यांचे ठेवणं यात फरक आहे.

आणि कलम ६९-अ टिकलं कशावर, तेही आठवून बघावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले त्यानंतर मुंबई बंद का, असं फेसबुकवर लिहिणारी आणि ते लाइक करणारी अशा दोन मुलींना पालघरला अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा ऑनलाइन लिखाणाला शिक्षा करणारं कलम ६६-अ रद्द केलं. त्याच निकालात ६९-अ वाचलं. का वाचलं? कारण त्यात कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्या कारणांना उच्च न्यायालयात आव्हान देता येतं, असं न्यायालयाने धरलं. जी कारणं कुणाला दाखवलीच जात नाहीत त्यांना आव्हान द्यायचं कसं? जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात काश्मीरच्या इंटरनेटबंदीबाबतही न्यायालयाने आदेश प्रसिद्ध करा असं बजावलं. काश्मीरचे आदेश छापता येतात तर फ्री फायरच्या आदेशात त्याहून नाजूक काय असेल? असेलच काही, तर तेवढ्या ओळींवर काळी पट्टी मारा, हरकत नाही.

बाहेरचं एक उदाहरण देतो, आणि तो देश काही गेमबाबत उदार नाही. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये फॉलआउट ३ या गेमला वर्गीकरण नाकारलं गेलं. तिथे तेव्हा गेमना प्रौढांसाठीचा दर्जाच नव्हता, त्यामुळे नाकारलं म्हणजे विक्री बंद. पण वर्गीकरण मंडळाने कारण लिहून दिलं : गेममध्ये मॉर्फिन या खऱ्या अमली पदार्थाचा वापर फायद्याचा दाखवला आहे. कंपनीने औषधाचं नाव मेड-एक्स असं बदललं, काही आठवड्यांत परवानगी मिळाली, आणि तेच नाव जगभरच्या आवृत्तीत गेलं. मला तो आक्षेप फुटकळ वाटतो. तरी तो फुटकळ आहे हे म्हणता येतं, कारण तो लिहिलेला आहे. अशाच लिहिलेल्या नकारांवर वर्षानुवर्षं वाद होऊन १ जानेवारी २०१३ पासून तिथे १८ वर्षांवरच्यांसाठी वेगळा दर्जा आला.

तोच फॉलआउट ३, तेच वर्ष, भारत. मायक्रोसॉफ्टने 'सांस्कृतिक संवेदनशीलता' असं मोघम सांगून तो इथे आणलाच नाही. गेममधल्या दोन डोक्यांच्या गायींना ब्राह्मिन म्हणतात म्हणून असेल, अशी चर्चा झाली. सरकारने काही केलं नव्हतं. काय चालेल आणि काय नाही हे कुठेच लिहिलेलं नसलं की कंपनी आधीच काढता पाय घेते.

त्याच ऑस्ट्रेलियात इंटरनेट गाळायची गुप्त यादीही होती. मार्च २००९ मध्ये ती विकिलीक्सवर फुटली आणि तिच्यात क्वीन्सलँडमधल्या एका दातांच्या डॉक्टरची साइट निघाली. सगळ्या देशाला सक्तीची गाळणी लावायची योजना त्या सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये सोडून दिली. तिथेही उघड बाजू सुधारत गेली आणि झाकलेली बाजू फुटेपर्यंत तशीच राहिली.

आपलं सरकार गेमच्या विरोधात आहे असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात गेमर्सना बोलावून त्यांच्याबरोबर खेळूनही बघितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. संसदेत तो दोन दिवसांत झाला, एवढी घाई मला पटली नाही, पण कायदा छापलेला आहे. काय बंद, शिक्षा किती, जाहिरात करणाऱ्याचं काय, वाचता येतं. कंपन्या लगेच उच्च न्यायालयात गेल्या त्याही म्हणूनच. (आमच्या राज्यात त्याच पावसाळ्यात तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर विधिमंडळात रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. मी खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. पुढे त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. त्यावर आमच्या ग्रुपवर जे विनोद झाले ते या पत्रात घालत नाही.)

तर मागणं असं. जिथे दुकानाची नोटीस असायला हवी तिथे, म्हणजे त्या पांढऱ्या पानावर, आदेशाचा क्रमांक, तारीख, कलम आणि दाद कुठे मागायची ते लिहावं, मराठीसह सगळ्या भाषांत. ज्याची साइट किंवा गेम आहे, तो सापडण्यासारखा असेल तर त्याला नोटीस द्यावी. गुगल-ॲपलला कळवलं म्हणजे त्याला कळवलं असं धरू नये. मार्च २०२५ मध्ये याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नोटीस काढली आहे, पण तिथला निकाल लागेपर्यंत थांबायची सक्ती मंत्रालयावर कुणी केलेली नाही. नियम १६ आपणच बदलू शकता.

आणि त्याच नियमांतला नियम १४. पुनर्विलोकन समितीने दर दोन महिन्यांतून एकदा तरी बसून प्रत्येक आदेश कायद्याला धरून आहे का ते नोंदवायचं, आणि नसेल तर बंदी उठवायची, असं तो सांगतो. चांगला नियम आहे. त्या नोंदी प्रसिद्ध करा.

सुरुवात कुठल्या आदेशापासून करायची असा प्रश्न पडला तर १४ फेब्रुवारी २०२२ चा घ्या. तो माझ्या हातात आला तर मी आधी फ्री फायरच्या नावासमोरचं कारण वाचेन, मग मॅक्सचा उल्लेख कुठे आहे का ते शोधेन, आणि मग तो मिरजेच्या ग्रुपवर टाकेन, जिथे चौदा-पंधरा वर्षांची पोरं मला अजून विचारतात की जुना फ्री फायर का गेला.

आपला,
सांगलीचा एक स्पर्धा-संयोजक